ज्याचे कागद त्याला

राजूरच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे निघालं की मेडिकलच्या शेजारी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान लागतं. एक टेबल, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं छोटं यंत्र, गिऱ्हाइकांसाठी बाकडं आणि दाराशी आबांची खुर्ची. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभं आयुष्य डोंगरातल्या वाड्यांवर टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून माझ्याबरोबर दुकानात यायला लागले ते आजतागायत. लोक आधी त्यांना रामराम करतात आणि मग मला कागद देतात.

दुकान काढताना घेतलेल्या लॅपटॉपवरच मी अकरा वर्षं काम केलं. शेवटी शेवटी त्याचे हाल बघवत नव्हते. एका बाजूची बिजागरी तुटलेली, म्हणून स्क्रीनला मागून वीट लावायची. ‘ळ’चं बटण निघून गेलेलं. कोतूळकडचा माणूस आला की मी आधी पेनाचं टोपण शोधायची, त्यानं खालचं रबर दाबायची, तेव्हा त्याचं गाव पुरं व्हायचं. सकाळी चालू करून ठेवला की माझं झाडून व्हायचं, माठ भरून व्हायचा, आबांचा चहा व्हायचा, तरी तो जागा झालेला नसायचा. पण मला त्याच्यावर कधी चिडता आलं नाही. मी लेकीला घेऊन सासरहून कायमची परत आले, तेव्हा गाव माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचं. पुढं त्याच गावाच्या रांगा या लॅपटॉपसमोर लागल्या.

गेल्या वर्षी भाताची झोडणी संपली आणि लोक कागदपत्रांच्या कामाला मोकळे झाले. बाजाराचा दिवस होता, बाकड्यावर जागा नव्हती. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्ध्यावर असताना स्क्रीन काळी झाली. मी वीट हलवली, वायर हलवली, बटण दाबून धरलं. बऱ्याच वेळानं तो पुन्हा उजळला, पण मधोमध जाड पांढरी पट्टी आली. पट्टीच्या दोन्ही बाजूंना बघत मी तो फॉर्म पुरा केला आणि बाकीच्यांना हात जोडले.

“आता नवा घे,” आबा म्हणाले. “बैलबी इतका वापरत न्हाई कुनी.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं संगमनेरला गेलो. दुकानदार बोलायला चांगला होता. त्यानं नवा लॅपटॉप दाखवला, माझ्या पिशवीतला जुना पाहिला आणि म्हणाला, “हा देऊन टाका ताई, नव्याच्या बदल्यात घेऊ. आहे तसा चालेल. पासवर्ड तेवढा चिठ्ठीवर लिहून द्या.”

“आतल्या फाइली?”

“ते आमच्याकडं उडवतात सगळं. काळजी करू नका.”

“इतका मोडका घेऊन तुम्ही करता काय?” आबांनी विचारलं.

“काका, याच्यापेक्षा जुने विकतो आम्ही. हा बघा.” त्यानं मागच्या ढिगातला एक काढून काउंटरवर ठेवला आणि चालू केला. ‘सगळं उडवतो’ म्हणालेल्या दुकानातला तो लॅपटॉप. पडद्यावर एक जोडपं होतं, बाईच्या मांडीवर बाळ. बाजूला फाइली: पगार, सोनोग्राफी, घटस्फोट. लॅपटॉप किती भराभर चालतो ते दाखवायला त्यानं फोटोंची एक फाइल उघडली. दवाखान्याच्या खाटेवर तीच बाई होती, डोळे मिटलेली, गाऊन खांद्यावरून सरकलेला.

आबांनी पुढं होऊन पडद्यावर हात आडवा धरला.

“बंद करा ते.”

“अहो काका, जुन्या गिऱ्हाइकाचं आहे, राहून गेलं असेल—”

“म्हनूनच म्हनतो. ते तुमचं न्हाई, आमचंबी न्हाई. बंद करा आधी.”

आबांचा आवाज चढला नव्हता, पण दुकानातली बाकीची माणसं बघायला लागली. दुकानदारानं लॅपटॉप मिटला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं तो ढिगावर न ठेवता आत नेला. मी मात्र त्या बाईच्या खांद्याचाच विचार करत होते. तिनंही कुणाला तरी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला असेल आणि निर्धास्त घरी गेली असेल.

“नवा द्या,” मी म्हटलं. “जुना मी परत नेते.”

येताना एसटीत मी जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. अकोलं मागं पडल्यावर आबा म्हणाले, “पोस्टकार्ड तर उघडंच असतं गं. पन मी पत्त्याची बाजू वर करूनच धरायचो. कुनी वाचून दाखव म्हनलं तर वाचायचो. मग पुढचं घर येस्तोवर इसरायचो.”

“खरंच विसरायचात?”

“इसरतंय कुठलं. सगळं ध्यानात हाय अजून. पन तोंडावर येऊ दिलं न्हाई कधी.”

हे त्यांनी फुशारकीनं सांगितलं नाही. मीच त्यांच्याकडे पाहत राहिले. लहानपणी मला वडिलांच्या खाकी पिशवीची लाज वाटायची, कारण शाळेतल्या दुसऱ्या मुलींचे वडील गुरुजी होते, बागाईतदार होते. त्या दिवशी एसटीत मला वाटलं, आख्ख्या गाडीला उठून सांगावं की हे माझे वडील आहेत.

घरी आल्यावर मी जुन्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय काय आहे ते बघायला बसले आणि हादरले. प्रत्येक गावाची, वाडीची वेगळी फाइल. आत आधार कार्डं, रेशनकार्डं, बँकेच्या पासबुकांची पहिली पानं, जातीचे दाखले, वनहक्काच्या दाव्यांचे कागद, नापास झालेल्यांच्या गुणपत्रिका, मृत्यूचे दाखले. एका बाईच्या आजाराचा रिपोर्ट होता. मदतीच्या अर्जाला लागतो म्हणून तिनं तो मला दिला होता आणि म्हणाली होती, “घरात न्हाई म्हाईत, ताई.” काम झाल्यावर हे सगळं तिथल्या तिथं काढून टाकायला हवं होतं. मी ठेवून दिलं, कारण पुन्हा लागलं तर स्कॅन करायचे कष्ट वाचतात. ठेव असं मला कुणी म्हटलं नव्हतं. संगमनेरच्या दुकानदाराला मनात नावं ठेवत मी आले होते, आणि माझ्या मांडीवर त्याच्या ढिगापेक्षा मोठा ढीग होता.

मी लगेच एक फाइल पुसली, कचऱ्याची टोपली रिकामी केली आणि आमच्या प्रशिक्षणाच्या मॅडमना नगरला फोन लावला. माझ्या दुकानासारखं फॉर्म भरायचं केंद्र चालवायचं शिक्षण त्यांनीच आम्हाला दिलं होतं. मी म्हटलं, “मॅडम, पुसायला घेतलंय. दोन दिवसांत सगळं जाईल.”

“कसं पुसतेस?”

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं, त्यानं फक्त अनुक्रमणिकेतलं नाव जातं. पान पुस्तकातच राहतं. ज्याला येतं तो ते पान काढून वाचतो.”

“मग पान कसं जाणार?”

“पानावर दुसरं काहीतरी लिहावं लागेल. अख्ख्या डिस्कवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम मिळतो. तुझी डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची आहे, तिला हे चालतं. पण आधी हवं ते काढून घे. एकदा झालं की मला नाही, तुला नाही, कुणालाच परत मिळणार नाही.”

‘हवं ते’ म्हणजे कुणाला हवं ते? माझं म्हणावं असं त्यात थोडंच होतं: लेकीचे फोटो, माझं प्रमाणपत्र, दुकानाचे कागद. ते मी पासवर्डच्या कुलपातल्या वेगळ्या डिस्कवर घेतले. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढले, सगळ्या सरकारी पोर्टलांमधून बाहेर पडले. पण बाकीचं ज्यांचं होतं, त्यांतल्या कितीतरी जणांची घरं गळकी. मूळ कागद भिजून लगदा झालेला असायचा आणि शाबूत प्रत फक्त माझ्याकडे असायची. न विचारता पुसणं हेही चोरीसारखंच वाटलं.

म्हणून मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावलं: ‘जुना लॅपटॉप कायमचा पुसणार आहे. आपला कागद हवा असेल तर पंधरा दिवसांत येऊन घेऊन जा. दुसऱ्याचा कागद दिला जाणार नाही.’ शेवटची ओळ आबांनी घालायला लावली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना निरोप जावा म्हणून आबांनी बाजारात आलेल्या जीपवाल्यांना गाठलं. कोणती जीप कोणत्या वाडीला जाते आणि तिथं निरोप कुणाकडे दिला म्हणजे घरोघर पोचतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आणि लोक आले. मला वाटलं होतं पाच-पंचवीस येतील. पहिल्या चार दिवसांतच बाकडं बाहेर ओट्यावर काढावं लागलं. कुणी रेशनकार्डाची प्रत मागितली, कुणी मेलेल्या भावाच्या आधारवरचा फोटो. एकजण नुसता बघायला आला होता. “माझं काय काय हाय ते दाव,” म्हणाला, सगळं बघितलं आणि “आता पूस,” म्हणून निघून गेला.

सहाव्या-सातव्या दिवशी वरच्या अंगाच्या एका वाडीतून एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हातात काठी, बरोबर कुणी नाही. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “पोरी, माजा अंगठा दे परत.”

“कसला अंगठा, आजी?”

“त्या डबीवर ठिवून घेतलावता तू. पुसनार हाये म्हनं. मंग माजं रेशन कसं मिळल?”

मी समजावायला लागले की अंगठा लॅपटॉपमध्ये साठत नाही, तो फक्त पुढं जाऊन तपासला जातो. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाहीये. आबा खुर्चीवरून उठून तिच्याशेजारी जाऊन बसले.

“आजे, मनीआर्डर आनायचो तवा मी तुझा अंगठा घ्यायचो का न्हाई?”

“घ्यायचास की.”

“तो कागद माझ्या पिशवीत राह्यचा का?”

“न्हाई. तू हपिसात द्यायचास.”

“मग हिचंबी तसंच हाय. ही नुसती पिशवी. पिशवी धुतली म्हनून तुझा अंगठा जात न्हाई.”

म्हातारी हसली. मग मी तिच्या नावाची फाइल उघडली. आत वनहक्काच्या दाव्याची पोच होती. तिच्या नवऱ्यानं, हयात असताना, कसत असलेल्या जमिनीसाठी दावा केला होता. त्या कागदाचं नाव काढताच ती म्हणाली, “तो वाळवीनं खाल्ला. पत्र्याच्या पेटीत हुता, तरी खाल्ला. पोरगा म्हनतो, आता सोड नाद.”

मी प्रिंट काढली. शिक्का स्वच्छ, दाव्याचा नंबर स्वच्छ, खाली नवऱ्याचा अंगठा. तिनं त्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. त्या नंबरवरून मी तिला तालुक्याच्या कचेरीसाठी अर्ज लिहून दिला. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा कचेरीत मूळ प्रकरण सापडलं होतं आणि तिला त्याची नक्कल मिळाली होती. जमीन नावावर व्हायला अजून वेळ लागेल, पण दावा जिवंत आहे. ती नक्कल तिनं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली होती, आणि मला दाखवायला म्हणून खास आणली होती.

आजाराचा रिपोर्ट दिलेली बाई शेवटच्या दिवशी आली. दुकान रिकामं होईपर्यंत ती समोरच्या भाजीवाल्यांकडे मेथीच्या जुड्या चाळत उभी होती. मी ओळखलं आणि आबांना म्हटलं, “जरा मेडिकलमधून येता का?” आबाही समजले. काय आणायचं ते न विचारता गेले.

ती आत आली. “ते पुसलं का, ताई?”

“नाही. तुमचा कागद आहे, तुम्ही पुसा.”

मी तिची फाइल समोर आणली आणि कोणतं बटण ते दाखवलं. तिनं पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. मग मी तिला खरं तेही सांगितलं, की आत्ता हे दिसेनासं झालंय, पण मुळातून उद्या जाईल, अख्खी डिस्कच पुसणार आहे. आणि इतकी वर्षं ते ठेवून घेतल्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, “तुमी कुनाला बोल्ला न्हाई. मला म्हाईत हाय. बोल्ला असता तर मला कळलंच असतं.” जाताना तिनं मेथीची एक जुडी टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमनी सांगितलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालू केला. टक्के पुढं सरकायला लागले. साठच्या पुढं गेले आणि वीज गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली होती, पहिल्यापासून सुरू करावं लागलं. दुसऱ्या खेपेला चाळीसवर वीज गेली. तिसऱ्या खेपेला मेडिकलवाल्या भाऊंनी त्यांच्या इन्व्हर्टरची वायर भिंतीवरून टाकून दिली. आबा समोर खुर्ची घेऊन बसले आणि आल्यागेल्याला टक्के सांगत राहिले. दुपार कलायच्या सुमाराला काम संपलं. पण खाली लाल अक्षरात ओळ आली की डिस्कच्या काही जागा खराब आहेत, तिथं लिहिता आलेलं नाही.

मी मॅडमना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, “बहुतेक काही नसेल तिथं. पण तुला झोप लागणार नसेल तर डिस्क बाहेर काढून भोकं पाड. डिस्कलाच हं, बॅटरीला भोक पाडू नकोस, पेट घेईल. आणि चष्मा घाल.”

लॅपटॉप उलटा करून मी चार स्क्रू काढले. डिस्क तळहाताएवढी निघाली. अख्ख्या डोंगराचे कागद एवढ्याशा पत्र्यात होते, यावर आबांचा विश्वास बसेना. ती घेऊन आम्ही वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तिथल्या भाऊंनी डिस्क शिकंज्यात पकडली, वर गोणपाट टाकलं, आम्हाला लांब उभं केलं आणि ड्रिल लावलं. पत्रा कुरकुरत कापला गेला आणि आतून काच फुटावी तसा आवाज आला.

“लोखंड नव्हतं व्हय आत?” भाऊ चष्मा वर करून म्हणाले. डिस्क हलवली तर आत बांगड्यांचा चुरा वाजावा तशी वाजत होती. तबकडी काचेची होती, तिचे तुकडे तुकडे झाले होते. भाऊंनी तरी आणखी तीन भोकं पाडली. त्यांच्या मुलीचा जातीचा दाखला मीच काढून दिला होता.

उरलेला लॅपटॉप, फुगायला लागलेली बॅटरी आणि तो चुरा, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत घालून मी नगरला जाताना बरोबर नेलं आणि ई-कचरा घेतात तिथं दिलं. पोच मागितली. तिथल्या बाई म्हणाल्या, पोच मागणारं फारसं कुणी येत नाही. मी म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकांना दाखवायची आहे. ती आता दुकानात भिंतीवर आहे. नव्या लॅपटॉपला मी पहिल्याच दिवशी पूर्ण कुलूप घातलं, आणि काम झालं की माणसाच्या समोर त्याचे कागद काढून टाकते. आता लोकच उठताना विचारतात, “पुसलं का ताई?” सुरुवातीला दिवसातून पन्नासदा ते ऐकून कंटाळा यायचा. आता कुणी विचारलं नाही तर मीच त्याला थांबवते.

मॅडमनी ही हकीगत कुणाकुणाला सांगितली असावी. पुढच्या महिन्यात अकोल्याला केंद्रचालकांची बैठक होती, तिथं मला बोलायला उभं केलं. समोर सगळे शिकलेले, बरेचसे पुरुष. मी काय काय केलं ते क्रमानं सांगितलं, काय चुकलं होतं तेही सांगितलं. एकानं विचारलं, “एवढं कोण करत बसणार, ताई? पंधरा दिवस धंदा बाजूला ठेवून?” मी म्हटलं, “मी केलं. आणि त्या पंधरा दिवसांत जेवढी माणसं माझ्या दुकानात आली, तेवढी आधी कधी आली नव्हती.” लोक हसले. मग बैठक संपल्यावर चौघेजण वही घेऊन आले आणि प्रोग्रॅमचं नाव लिहून घेऊन गेले. ‘कोण करणार’ विचारणाराही त्यांत होता.

आबा शेवटच्या रांगेत बसले होते. घरी, दारी, कुठंच त्यांनी मला कधी शाबास म्हटलेलं नाही आणि त्या दिवशीही म्हटलं नाही. परतीच्या जीपमध्ये ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि मी मागं. जीप चालू झाली तसे ते ड्रायव्हरला म्हणाले, “आज हिचं भाषान झालं. अख्ख्या तालुक्यासमोर.”

“कशावर?” ड्रायव्हरनं विचारलं.

मग राजूर येईपर्यंत आबांनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांच्या सांगण्यात वीज सात वेळा गेली होती, डिस्क परातीएवढी होती आणि भोकं वीस पडली होती. मागं बसलेली माणसं कान देऊन ऐकत होती. मी एकदाही मध्ये बोलले नाही.